जटेला आलेले मोड

केसांना लावायची मेथी वाटून लावतात, हे मला पंचेचाळिशीत ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं. पण त्या सकाळी लाइट गेली होती, मिक्सर मुका झाला होता आणि पाटा परसात सरपणाच्या ढिगाखाली होता. तो ओढून काढायचा कंटाळा आला म्हणून मी रात्रभर भिजलेली मेथी तांब्याच्या बुडानं चेचल्यासारखी केली आणि अर्ध्याहून जास्त दाणे अख्खे असलेलं ते बुळबुळीत प्रकरण सासूच्या जटेला चोळलं. चोळलं ते चोळलं, वर ती ओली जट न वाळवता सुती फडक्यात गच्च बांधून ठेवली.

मटकीला मोड कसे आणतात? रात्रभर भिजवायची, निथळायची, ओल्या फडक्यात बांधून उबेला ठेवायची. हे काम मी माहेरी आणि सासरी मिळून जन्मभर केलेलं. तरी सासूच्या डोक्यावर तेच करताना त्या बाईच्या डोक्यात काही उजेड पडला नाही. ती बाई म्हणजे मी. नातवंडं आता माझ्या चष्म्याला आणि विसरभोळेपणाला हसतात, तेव्हा मी त्यांना म्हणते, बाळांनो, तुम्हाला शहाणी आजी मिळालीय. तुमच्या बापांना कोण मिळाली होती ते बघितलं असतं तर असं हसला नसता.

आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. आत्याबाईंची जट मी लग्न होऊन आले तेव्हा खांद्याच्या खाली होती. नंतर ती कमरेच्या खाली गेली. एक मोठी, मनगटापेक्षा जाड, आणि तिच्या कडेनं दोन-तीन बारक्या, गाईला वासरं लागावीत तशा. शेंड्याकडं तांबूस, मुळाशी पांढरी. आत्याबाई खाली बसल्या की ती मांडीवर घ्यायच्या. झोपताना तिच्यासाठी वेगळं फडकं अंथरायच्या. मानेच्या वर, मागच्या बाजूला, तिचा बुंधा नारळाएवढा झाला होता, त्यामुळं त्यांना उताणं झोपता येत नसे. कुशीवर, तेही एकाच. वजनानं मान पुढं ओढलेली. माझ्याशी बोलताना त्या माझ्या पायांशी बोलायच्या.

देवीची जट, म्हणून तिला कंगवा नाही, कात्री नाही. पण धुवावी लागतेच. नाहीतर उवा होतात, वास येतो, आत पाणी कुजतं. धुण्याचं काम थोरल्या जाऊबाईंचं. त्या सकाळी शिकेकाई आणि रिठा उकळून घ्यायच्या, आत्याबाईंना परसात पाटावर बसवायच्या आणि कामाला लागायच्या. धुताना बोलायचं नाही, हा घरातला नियम. जट पाण्यात सोडली की आधी वर तरंगायची, मग हळूहळू पाणी प्यायची. खरंच प्यायची. घंगाळातून बारीक आवाज यायचा, आणि पाणी खाली गेलेलं दिसायचं. भिजली की ती इतकी जड व्हायची की जाऊबाई दोन्ही हातांवर घेऊन उभ्या राहायच्या, झोपलेलं लेकरू घ्यावं तशा. मग मुळापासून शेंड्यापर्यंत गोधडी पिळावी तशी पिळायची. उन्हात खाटेवर पसरायची. शेवटी गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर ऊद टाकून तिला खालून धुरी द्यायची, म्हणजे आतली ओल जाते. मग मुळाशी करंजाचं तेल. उरलेलं पाणी कुणी ओलांडू नये म्हणून लिंबाच्या बुडाशी ओतायचं. सगळा दिवस त्यात जायचा. मी फक्त तांब्या धरायचे आणि मनात म्हणायचे, एवढं काय अवघड आहे त्यात.

त्या वर्षी घट बसायच्या तोंडावर जाऊबाई लेकीच्या बाळंतपणाला सिरसाळ्याला गेल्या. धुणं माझ्यावर आलं.

आणि तेही साधं धुणं नव्हतं, शेवटचं होतं. कारण आत्याबाई जट काढायला तयार झाल्या होत्या. बीडच्या डॉक्टरनं मानेचा फोटो उजेडात धरून मणके कसे झिजलेत ते दाखवलं होतं. गावोगाव फिरून बायांच्या जटा सोडवणारी एक बाई बीडहून आमच्याकडं दोन-तीनदा येऊन गेली होती. ती वाद घालायची नाही. चहा प्यायची, आत्याबाईंची मान चोळून द्यायची आणि निघून जायची. शेवटच्या खेपेला ती उंबऱ्याशी चपला घालत होती, तेव्हा आत्याबाई तिच्या चपलांकडं बघत म्हणाल्या, "दसरा होऊ द्या. मग या. मला एकदा उतानं झोपायचंय."

आमचे मालक कारखान्यावर ट्रक चालवतात, ते घरी नव्हते. धाकटे दीर होते. त्यांच्या तोंडावरून दिसलं की हे काही त्यांना पटलेलं नाही. पण आईपुढं ते बोलले नाहीत.

तर शेवटचं धुणं जरा लाडाचं करावं, असं मला वाटलं. मोबाईलवर एक बाई केसांना मेथी लावून दाखवत होती, म्हणत होती, डोक्याला थंड असते. तिचे केस मोकळे, रेशमासारखे, माझ्यापुढं जट. हा फरक मला दिसला नाही. बोअरला पाणी कमी, म्हणून खळबळून धुणंही झालं नाही. दुपारी आभाळ भरून आलं, म्हणून ऊन नाही. धुरी द्यायची तर गोवऱ्या ओल्या. मी म्हटलं, जाऊ दे, फडक्यात बांधू, आपोआप वाळेल. दुसऱ्या दिवशी घट बसले. देवघरात पत्रावळीवर काळी माती, मातीत धान्य, मध्ये मातीचा घट. रोज त्यावर फुलांची एक माळ चढवायची आणि दिवस त्या माळांवरच मोजायचे.

दुसऱ्या माळेला दुपारी मी भाकरी थापत होते. आत्याबाई चुलीजवळच भिंतीला टेकून बसल्या होत्या. बराच वेळ त्या काही ऐकत असल्यासारख्या होत्या.

"काय झालं, आत्याबाई?"

"डोक्यात कोनतरी हाय."

"उवा झाल्या असतील. जाऊबाई आल्या की बघतील."

"ऊ चालती," त्या म्हणाल्या. "हे चालत न्हाई. हे उठतंय."

माझ्या हातातली भाकरी परातीत तशीच राहिली. अंगावर काटा आला, हे कबूल करते. आणि त्यावर मी काय केलं? फडकं सोडून बघितलं? नाही. फडक्याला हळदकुंकू लावलं, वर थोडं पाणी शिंपडलं आणि पुन्हा भाकरी थापायला बसले. मोड यायला जे काय कमी पडत होतं, तेही पुरवलं.

चौथ्या माळेला शेजारची काकू हळदीकुंकवाला आली. भर दुपार. बाहेर कुत्रंसुद्धा हलत नव्हतं. काकूनं आत्याबाईंना कुंकू लावलं, पाया पडायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. फडक्याच्या घडीतून काहीतरी बाहेर आलं होतं. पांढरं, बारीक, ओलसर. काकूनं फडक्याची गाठ सोडली.

सगळी जट उगवली होती. बुंध्यापासून कमरेपर्यंत, पिळापिळातून, पिवळटपांढरे कोंब. अंधारात वाढलेले, म्हणून लांब आणि अशक्त, माना वाकवलेले. फडकं पडलं तेव्हा ते आत्याबाईंच्या पाठीला चिकटून होते. मग ते मोकळे झाले, आणि आमच्या डोळ्यांदेखत जरा जरा वर उठले.

काकूचं ताट खणकन पडलं. "घट उगवला गं बाई! आईचा घट डोक्यावर उगवला!"

माझ्या मनात पहिला शब्द आला, मेथी. दुसरा विचार आला, आता मला कोण जिवंत ठेवतंय. आणि तिसऱ्या क्षणाला माझे हात आपोआप जोडले गेले. मी मेथीला नमस्कार केला. मनापासून केला.

"काय हाय गं मागं?" आत्याबाई विचारत होत्या. त्यांना मान वळवता येत नव्हती. "काय हाय? सांगा की कोनीतरी!"

काकू रस्त्यावर पळाली, आणि दीर आले ते हातात मोबाईल घेऊनच. त्यांनी फोटो काढला, तो दाखवला, तेव्हा आत्याबाईंना कळलं. फोटो त्यांनी बराच वेळ बघितला. मग मोबाईल उलटा करून मांडीवर ठेवला.

संध्याकाळपर्यंत गाव लोटलं. दुसऱ्या दिवशी पालीकडून, लिंबागणेशकडून मोटारसायकली आल्या, जीपगाड्या भरून बाया आल्या. दिरांनी ओसरीवर सतरंजी टाकली, चौरंग मांडला, त्यावर आत्याबाईंना बसवलं. पाठ लोकांकडं, तोंड भिंतीकडं. कारण बघायचं होतं ते मागं होतं.

शेतकरी माणसं, मेथीचं रोप ओळखत नाहीत होय? ओळखतात. वासही येत होता, ओल्या मातीचा आणि कडवट. एका म्हाताऱ्यानं अगदी नाक लावून निरखलं. मग वळून त्यानं नेमकं माझ्याकडंच बघितलं. मला वाटलं, झालं. त्यानं चौरंगाला डोकं टेकवलं आणि माझ्यासमोर हात जोडले. त्याला कळलं होतं का नाही, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

दिरांनी माझ्यासमोरच बीडच्या बाईला फोन लावला. "ताई, आता तुमी येऊ नका. देवीनं जवाब दिलाय."

भिंतीकडं तोंड करून बसलेल्या आत्याबाईंचे खांदे तेवढे खाली आले.

त्यानंतरचे दोन-तीन दिवस मला नीट आठवतात, आणि आठवले की पाणी प्यावंसं वाटतं. घटाला रोज पाणी घालतात, म्हणून येणारी प्रत्येक बाई आत्याबाईंच्या डोक्यावर पळीभर पाणी घालायची. पाणी मानेवरून, पाठीवरून, चौरंगावर. लुगडं सदा ओलं. एका बाईनं घरून घटाची माती आणली आणि जटेच्या पिळात बोटानं दाबून बसवली. ते बघून सगळ्याच आणायला लागल्या. जट आधीच जड, त्यात पाणी, त्यात माती. वर सारखं, "आत्या, मान हलवू नका, कोंब मोडतील." "झोपू नका, दबतील." "आईला त्रास होईल." आईला म्हणजे देवीला. आत्याबाईंना पुढं टेकायला भिंतीशी लोड लावून बसवूनच ठेवलं. त्या बोलायच्या बंद झाल्या. अंग तापलं होतं. मी जेवण भरवायला जायचे तेव्हा त्या तोंड उघडायच्या, मिटायच्या. माझ्या पायांशीही बोलत नव्हत्या.

आणि कोंब हिरवे झाले. उजेड मिळाला, पाणी मिळालं, माती मिळाली. सकाळी ते दाराकडं वळलेले असायचे, दिवस कलला की बाजूच्या खिडकीकडं. बाया म्हणायच्या, देवी मान वळवून बघती. रोप उजेडाकडं वळतं, हे कोण शिकवणार मला, मी शेतातच वाढलेली. पण सातव्या माळेला टळटळीत दुपारी मी मागच्या अंधाऱ्या खोलीतून ताट घेऊन आले. तिकडं खिडकी नाही, दिव्याचं बटनसुद्धा बंद. आणि सगळे कोंब माझ्याकडं तोंड करून उभे होते. वारा नव्हता. दाराचा पडदा लटकत होता तसाच. मी उजवीकडं सरकले. मग धीर झाला नाही पुन्हा बघायचा.

अजून एक सांगते. देवघरातला घट त्या वर्षी उगवलाच नाही. मी बोटानं माती उकरून बघितली. दाणे जसे पेरले तसे, कोरडे खडखडीत, माती ओली असून. पुन्हा माती सारखी केली आणि कुणाला काही बोलले नाही. बोलण्यासारखं माझ्याजवळ इतकं साठलं होतं की त्यात अजून एक.

त्याच दुपारी मंडळी जेवायला पांगली. मी ओसरीचा दरवाजा लावून घेतला. बाहेर कुणीतरी कडी वाजवली, तर म्हटलं, "देवी आराम करतीय," आणि आत्याबाईंच्या समोर, भिंत आणि त्या यांच्यामधल्या फटीत, कशीबशी बसले. त्यामुळं मी त्यांच्या नजरेच्या खाली आले. त्यांना माझं तोंड दिसेल अशी बहुधा पहिल्यांदाच बसले होते.

"आत्याबाई, मेथी हाय ती."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या.

"म्या लावली. धुताना. वाटली न्हाई. लाइट नव्हती." मग मला रडू फुटलं, आणि रडताना मी पाट्याचं, सरपणाचं, मोबाईलमधल्या बाईचं, सगळं सांगितलं. सरपणाचा ढीग किती मोठा होता हेही सांगितलं. त्याची काहीच गरज नव्हती.

आत्याबाईंनी हात मागं नेला. बोटांनी चाचपत एक कोंब उपटला, तोंडात टाकला आणि चावला. सावकाश. दोन्ही डोळे मिटून.

"कडू हाय," त्या म्हणाल्या. तीन दिवसांतला तो त्यांचा पहिला शब्द. मग त्यांनी अजून एक उपटला. "मीठ न्हाई का गं घरात?"

मी हसावं का पाया पडावं ते मला कळेना.

"मी सांगते सगळ्यांना," मी म्हटलं. "आत्ता दरवाजा उघडून सांगते."

"कावून? येडी का खुळी तू?" त्यांचा आवाज बारीक होता, पण जुना होता, मला रागवायचा. "तू सांगितलंस तर काय हुईल? धाकलीनं जट बाटवली म्हनतील. तुला हाकलतील, अन् माझी तशीच ऱ्हाईल. वरून शांत करायला अजून काय काय लावतील. गप बस जरा. इचार करू दे."

बाहेर कडी वाजत होती. त्या विचार करत होत्या आणि मधून मधून मेथी खात होत्या. आणि मग, विचारलं नसताना, त्या सांगायला लागल्या.

"तुझ्या मालकाच्या पाठीवर ह्यो धाकला झाला, तवा मला ताप चढला व्हता. लई दिस. शुद्धच नव्हती. डोसकं कोन विंचरनार? शुद्धीवर आले तर मागं केस घट्ट बसलेले, लोकर बसती तशे. समोर एक बाई बसली व्हती, आपल्याच आळीतली, मेली आता. तिला म्हनलं, बाई, कंगवा दे गं. तिनं मागं बघितलं, आन उठून गेली. मला वाटलं कंगवा आनायला गेली." त्या थांबल्या. "कुंकू घिऊन आली."

त्यांच्या मागं कोंब होते आणि माझ्या मागं भिंत होती, आणि खोटं का सांगू, मला त्यांच्या खांद्यावरून पलीकडं बघायची भीती वाटत होती. त्या अंगानं तापलेल्या, तोंड हिरवं झालेलं, आणि डोळे एकदम लखलखीत.

"घट उगवला की काय करत्यात?" त्यांनी विचारलं.

"दसऱ्याला उठवत्यात," मी म्हटलं. "कोंब कापून टोपीत खोवत्यात. माती पाण्यात सोडत्यात."

"मग?"

त्या 'मग'ला मी पाच मिनिटं तरी तशीच बघत राहिले असेन. त्यांनी कपाळाला हात मारला. "देवा, हिला वाटायला मेथी कोन देतंय," असं काहीतरी त्या पुटपुटल्या. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं.

बीडच्या बाईला मीच चोरून फोन केला. म्हटलं, दसऱ्याला या, कात्री आणा, चांगली मोठी, आणि आल्यावर काही समजावून सांगू नका, फक्त हो म्हणा. ती म्हणाली, बरं. शहाणी बाई. प्रश्न विचारला नाही.

दसऱ्याला सकाळी ओसरी, अंगण, रस्ता, सगळं भरलेलं. आरती झाली. दीर हात जोडून म्हणाले, "आई, आशीर्वाद दे."

आत्याबाई भिंतीकडं तोंड करूनच बोलल्या. तो आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. मोठा नव्हता, पण रस्त्यावरच्या माणसापर्यंत गेला. "घट उठवा."

कुणाला कळेना. दीर म्हणाले, "आई, घरातला घट आत उठवतो की."

"घरातला उगवला का? जाऊन बघ."

दोघंतिघं आत धावले. परत आले ते पांढरेफटक होऊन. मी सोडून कुणीच आतापर्यंत देवघराकडं नीट बघितलं नव्हतं. आणि मी तर आत्याबाईंना त्यातलं काहीच सांगितलं नव्हतं. त्या चौरंगावरून उठल्याही नव्हत्या. हे माझ्या तिथंच, गर्दीत उभं असताना लक्षात आलं.

"आई, पन जट... असं कसं..." दीर चाचरले.

"उगवलेला घट कोन घरात ठिवतं रे? वाळवून मारायचा हाय का आईचा घट?"

म्हाताऱ्या बायाच आधी बोलल्या, "खरं हाय. उठवायलाच लागतो. ठिवत न्हाईत." आणि एकदा त्यांनी म्हटल्यावर पुरुषांचा प्रश्नच मिटला.

बीडची बाई कात्री घेऊन पुढं आली. तिनं जन्मभर जटा काढल्या असतील, दारं तोंडावर आपटून घेतली असतील. पण तिच्या कात्रीला लोकांनी हळदकुंकू लावलं, ती कापत असताना वाजंत्री वाजली, असं तिच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत असावं. तिनं सांगितल्याप्रमाणं तोंड मिटून ठेवलं. कात्री बुंध्यात शिरेना. ओला सुंभ कापताना येतो तसा करकर आवाज येत राहिला. आत्याबाईंनी माझा हात धरला होता. शेवटचा धागा तुटला तेव्हा त्यांची मान एकदम मागं गेली, इतकी की मी दचकून आधार दिला. त्यांनी वर बघितलं. ओसरीच्या पत्र्याकडं.

मग प्रसाद वाटला. कोंब खुडून पुरुषांनी टोपीत खोवले, पोरांनी कानावर लावले, बायांनी अंबाड्यात. दिरांनी टोपी काढली, भक्तिभावानं मेथीची जुडी खोवली, टोपी घातली. मला हसू आवरेना. मी भिंतीकडं तोंड करून खांदे हलवत उभी राहिले, तर काकूनं पाठीवर हात फिरवला, "रडू नगस बाई, आई समदं बघती."

जट आम्ही पाटीत घालून धरणाच्या पाण्यावर नेली. दिरांनी डोक्यावरून नेली. पाटी खाली ठेवताना म्हणाले, "वहिनी, एवढं वजन आईनं कसं वागवलं हो?" पाण्यात सोडली तर ती बुडेना. एवढी माती, एवढं पाणी प्यायलेली, तरी तरंगली, हिरवी बाजू वर. वारा काठाकडून आत वाहत होता, पाण्यावरच्या लाटा आत जात होत्या, आमच्या दसऱ्याच्या फुलांची पाकळी न पाकळी आत गेली. जट हळूच फिरली आणि काठाकडं यायला लागली. आमच्याकडं. आम्ही काही तिची वाट बघत थांबलो नाही. दीर रिकामी पाटी तिथंच विसरले, आणि आणायला जा असं त्यांना मी म्हटलं नाही, त्यांनी मला म्हटलं नाही.

घरी आले तर आत्याबाई झोपल्या होत्या. ओसरीवर, सतरंजीवर, उताण्या. दोन्ही तळहात वर, तोंड जरा उघडं, मान सरळ. डोकं लहान दिसत होतं, कुणा भलत्याच बाईचं. मी शेजारी बसून छाती हलतेय का ते बघितलं. हलत होती. तरी मी सांजेपर्यंत तिथंच बसले.

दिवाळीनंतर जाऊबाई आल्या, त्यांनी सगळं ऐकलं आणि मला एवढंच विचारलं, "धुरी दिली नव्हतीस ना?" मी नाही म्हटलं. त्यांनी पुढं कधी तो विषय काढला नाही. आत्याबाईंच्या डोक्यावर पांढरे मऊ केस आले. रोज त्या स्वतःच्या हातानं विंचरायच्या. विंचरायला काही नसलं तरी कंगवा फिरवत बसायच्या, डोळे मिटून.

एका दुपारी त्या खाटेवर बसल्या होत्या आणि मी खाली, त्यांच्या पायाशी, पाठमोरी, गवारीच्या शेंगा मोडत होते. डोक्यावरचा पदर घसरला होता. घरात दुसरं कुणी नव्हतं. मागं कंगव्याचा बारीक आवाज चालू होता, तो थांबला. मग त्यांची बोटं माझ्या मानेला लागली, थंडगार, आणि कानाशी त्यांचा आवाज आला:

"मागं मानंवर तुझ्या केसांची एक गाठ बसलीय. आरडू नको. कोनी बघायच्या आत कात्री घिऊन ये, मी कापते."